लिफ्टची परवानगी तोंडी नको, कागदावर घे

या आठवड्याचं पत्र भांडुपहून आलंय. लिहिणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, एसवायबीएला. पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून तिच्या परवानगीने थोडक्यात देते.

"ताई, मला बाराव्या वर्षापासून संधिवात आहे. लोकांना वाटतं तो म्हाताऱ्यांनाच होतो. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आणि गुडघे आखडलेले असतात आणि माझं पहिलं लेक्चर सात वीसला असतं, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट स्टाफसाठी आहे, पण एफवायला असताना लिफ्टवाले काका मला बघून दार उघडायचे, कधी काही विचारलं नाही. ते रिटायर झाले. नवीन आलेत ते म्हणतात परमिशन दाखव. ती कोणाकडे मागायची तेच कळत नाही. मागच्या सेमिस्टरला अडीच तासांच्या पेपरात दीड तासानंतर पेन धरता येईना, शेवटचा प्रश्न येत असून सोडून दिला. एका मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, अगं पण तू तर डेजला नाचलीस ना. नाचले, त्या दिवशी मला बरं होतं. नंतर दोन दिवस झोपून होते ते कोणी बघितलं नाही. पप्पा म्हणतात सर्टिफिकेट वगैरे काढू नको, एकदा शिक्का बसला की लग्नाच्या वेळी प्रश्न येतील. एकदा ट्रेनमध्ये दिव्यांगांच्या डब्यात चढले तर एका काकांनी कार्ड मागितलं, माझ्याकडे नव्हतं, कांजूरला उतरले. मला माहीत नाही मी अपंग आहे की नाही. माझ्यापेक्षा जास्त त्रास असलेली मुलं आहेत, मग मी कशी मागू?"

अगं, तुझं पत्र वाचलं आणि मला पहिल्यांदा आठवली ती एक उत्तरपत्रिका. मी बावीस वर्षं डिग्री कॉलेजात शिकवतेय, किती उन्हाळे पेपर तपासण्यात गेले मोजलेले नाहीत, पण तो एक पेपर डोळ्यासमोरून जात नाही. पहिल्या पानावर टपोरं गोल अक्षर, मुद्दे नीट, प्रश्न संपला की पट्टीने आखलेली रेघ. चौथ्या पानापासून अक्षर मोठं व्हायला लागलं, सातव्या पानावर ओळी उजवीकडे खाली घसरत गेलेल्या आणि पेन इतकं दाबलेलं की पलीकडच्या पानावर उमटलं होतं. शेवटच्या पंधरा मार्कांच्या प्रश्नाला फक्त चार शब्द, एकाखाली एक. चारही बरोबर. मी तीन मार्क दिले, तेवढेच देता येत होते, आणि मनात म्हटलं या मुलांना वेळेचं भान नाही. पुढे परीक्षा कमिटीवर आले, रायटर म्हणजे आपण सांगू ते पेपरात लिहून देणारा माणूस, तो घेणारी, जादा वेळ घेणारी मुलं जवळून बघितली तेव्हा मला कळलं की ती घसरत गेलेली ओळ काय सांगत होती. तोपर्यंत तो पेपर देणारं मूल कुठल्या कुठे गेलेलं. तपासणाऱ्याला तू दिसत नाहीस गं, आता तर स्कॅन केलेलं पान स्क्रीनवर येतं, पेन किती दाबलंय तेही कळत नाही. त्यामुळे तुला काय अडतं ते पेपर सुरू व्हायच्या आधी कॉलेजच्या कागदावर आलेलं असलं पाहिजे, नंतर कोणाला कितीही सांगितलं तरी ते तीन मार्क तीनच राहतात.

आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, माझ्यापेक्षा जास्त त्रास असलेली मुलं आहेत मग मी कशी मागू. तू लिफ्टने गेलीस म्हणून व्हीलचेअरवरच्या मुलाची लिफ्ट जात नाही, आणि तुला पन्नास मिनिटं जास्त मिळाली म्हणून दुसऱ्या कोणाच्या पेपरातून ती कापली जात नाहीत. उलट तुझ्या एका अर्जामुळे त्या लिफ्टला लेखी नियम लागला तर पुढच्या वर्षी पाय फ्रॅक्चर झालेला मुलगा पण त्याच नियमाने वर जाईल. मुंबईत हे असंच होत आलंय. डिस्लेक्सियासारखी शिकण्याची अडचण असलेल्या मुलांना आपल्या राज्यात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळायला लागल्या, सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीन मुलांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून आहे, सायनच्या हॉस्पिटलात लर्निंग डिसॅबिलिटीचं वेगळं क्लिनिक आहे. याच्या आधीही अशी मुलं शाळा-कॉलेजात होतीच की, फक्त तेव्हा त्यांना आळशी म्हणायचे.

मी अपंग आहे की नाही, हे तू विचारलंस. बघ, आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत, आणि सांध्यांच्या आजारामुळे हालचालीवर मर्यादा येत असेल तर ती अस्थिव्यंगाच्या प्रकारात तपासली जाते. पण त्याहून महत्त्वाची मला त्यातली व्याख्या वाटते. दीर्घकाळ टिकणारा त्रास आणि समोरचे अडथळे यांची गाठ पडून माणसाला इतरांच्या बरोबरीने भाग घेता येत नसेल तर तो दिव्यांग, असा तिचा अर्थ आहे. म्हणजे नुसतं तुझे गुडघे नाही, ते तीन मजले पण त्यात धरलेत. तळमजल्यावर वर्ग असता तर तुला हे पत्र अर्धंच लिहावं लागलं असतं. तेव्हा स्वतःला कुठला शब्द लावायचा ते तू तुझ्या सवडीने ठरव, नाही ठरवलंस तरी चालेल, सोय मागायला तो शब्द आवडायची अट नाही.

आणि आता चाळीस टक्के अपंगत्वाच्या अटीचं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते कारण कॉलेजच्या ऑफिसात तुला पहिलं हेच ऐकवतील, "चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे का?" चाळीस टक्के लागतात ते मुख्यतः आरक्षणासाठी, उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागा वगैरे. तुला कोणाची जागा नकोय, तू ॲडमिशन घेऊन बसलीयेस. तुला हवीय ती वाजवी सोय, ज्याला कायद्यात रिझनेबल अकॉमोडेशन म्हणतात, म्हणजे कॉलेजवर अवाजवी बोजा न पडता करता येईल असा आवश्यक तो बदल. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात विकास कुमार विरुद्ध युपीएससी या केसचा निकाल लागला. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला घेतलं की हात आखडतो, आणि चाळीस टक्क्यांत बसत नाही म्हणून त्याला रायटर नाकारला होता. कोर्टाने सांगितलं की अशी सोय फक्त चाळीस टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाने चाळीस टक्क्यांपेक्षा कमी पण लिहायला त्रास असलेल्यांसाठी वेगळ्या गाइडलाइन्स काढल्या, त्यात तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ धरला होता. अडीच तासांना पन्नास मिनिटं होतात, मघाशी मी पन्नास म्हटलं ते तिथून.

आता लिफ्टवाले काका. मला ते काका फार आवडले, मनापासून. पण तुझं अख्खं एफवाय त्यांच्या चांगुलपणावर चाललं आणि ते गेल्यावर तुझ्या हातात काहीच उरलं नाही. आपल्याकडे कॉलेजात नव्वद टक्के गोष्टी अशाच चालतात, एखादी मॅडम सांभाळून घेते, एखादे शिपाई काका खुर्ची आणून देतात, आणि सगळ्यांना वाटतं प्रश्न सुटला. मॅडमची बदली होते, परीक्षेला बाहेरचा सुपरवायझर येतो, आणि मूल परत पहिल्या पायरीवर. नवीन लिफ्टमनवर रागावू नकोस, त्याला कोणीतरी सांगितलंय परमिशनशिवाय घेऊ नको आणि त्याची नोकरी त्यावर अवलंबून आहे. तो तुझ्याकडे कागद मागतोय ना, मग कागदच आणून दाखवू. म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे, यापुढे कोणाकडेही "मॅडम प्लीज जरा बघा ना" असं तोंडी मागायचं नाही, लिहून मागायचं आणि लिहूनच उत्तर घ्यायचं.

लिहिताना बहुतेक मुलं आजाराचं नाव, औषधांची नावं, हॉस्पिटलचे रिपोर्ट असं सगळं ओततात आणि शेवटी म्हणतात कृपया सहकार्य करावे. ऑफिसमधल्या माणसाला त्यातून कळतच नाही की नक्की करायचं काय, मग तो अर्ज फाइलमध्ये जाऊन बसतो. तू उलटं कर. आजार एका वाक्यात उरक, काय करता येत नाही ते आकड्यात सांग, आणि काय हवंय ते असं सांग की समोरच्याला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. मी एक नमुना देते, तुझ्या भाषेत बदलून घे.

"माननीय प्राचार्य यांस, मी एसवायबीए वर्गात शिकत असून माझा रोल नंबर अमुक आहे. मला बाराव्या वर्षापासून संधिवात असून उपचार चालू आहेत. त्यामुळे मला तीन मजले जिना चढणे आणि सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ हाताने लिहिणे शक्य होत नाही. त्रास रोज सारखा नसतो, काही दिवस कमी तर काही दिवस जास्त असतो. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार मला या शैक्षणिक वर्षासाठी लिफ्ट वापरण्याचे लेखी परवानगीपत्र द्यावे. तसेच सर्व अंतर्गत व सत्र परीक्षांमध्ये तासाला वीस मिनिटे जादा वेळ, मध्ये हात मोकळे करण्याची मुभा आणि तळमजल्यावरील खोली द्यावी. सकाळच्या पहिल्या तासाला दहा मिनिटांपर्यंत उशीर झाल्यास हजेरी धरावी. माझ्या आजाराची माहिती संबंधित शिक्षक व परीक्षा विभागापुरतीच ठेवावी. आपला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती."

एवढंच. चाळीस मिनिटं हा आकडा मी अंदाजाने टाकलाय, तुझा खरा आकडा तुला काढावा लागेल. त्यासाठी घरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या आकड्यांच्या शेजारी जागा असते ना, तिथे तीन आठवडे रोज दोन गोष्टी लिही, सकाळी बोटं किती वाजता मोकळी झाली आणि सलग किती मिनिटं लिहिता आलं. चांगला दिवस असला तरी लिही. तीन आठवड्यांनी ते पान बघितलंस की तुझं तुलाच कळेल, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर "खूप दुखतं" म्हणण्याऐवजी तू आकडे सांगू शकशील. आपण दवाखान्यात गेलो की उगाच चांगलं वागतो, डॉक्टरांनी विचारलं कसं आहे तर "ठीक आहे" म्हणतो, तसं करू नकोस.

डॉक्टरांच्या पत्रात नुसतं आजाराचं नाव आणि "under treatment" अशा अर्थाचं एक वाक्य नकोय, ते कॉलेजला काही सांगत नाही. त्यांना स्पष्ट सांग की सर, यात मला काय जमत नाही ते लिहा, किती जिने, किती वेळ लिहिणं, सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो, आणि हा त्रास कमी-जास्त होणारा आहे हे वाक्य नक्की टाका. ते एक वाक्य तुझ्या "डेजला नाचलीस ना" वाल्या मॅडमसाठी आहे.

त्या मॅडमबद्दल बोलते, मी पण तशाच स्टाफरूममध्ये बसते म्हणून. त्यांच्या मनात वाईट असेलच असं नाही, पण त्या बोलल्या ते चुकीचं होतं. दुखणं दिसलं तरच खरं अशी आपल्या सगळ्यांची सवय आहे, प्लास्टर असलं की बाकावर सह्या करायला पोरं जमतात आणि तुझ्यासारखं मूल चालत आलं की पटतच नाही. तू वाद घालू नकोस. "मॅडम, त्या दिवशी बरं होतं, नंतर दोन दिवस उठता आलं नाही, माझा आजार असाच आहे, डॉक्टरांचं पत्र ऑफिसला दिलंय", इतकं शांतपणे म्हण आणि विषय संपव. आणि नाचणं मात्र सोडू नकोस, कोणाला पटावं म्हणून तर अजिबातच नाही. बरं असलेल्या दिवशी आनंद केलास यात तू कोणाची फसवणूक केलेली नाहीस.

अर्ज द्यायला जाशील तेव्हा दोन कॉपी ने. एक ऑफिसला, आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही. ही पोच म्हणजे तुझा सगळ्यात मोठा आधार आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव आणि फोटो काढून स्वतःला मेल करून टाक. क्लार्क म्हणेल "ठेवून जा, मी देतो मॅडमना", तर हसून म्हणायचं की सर शिक्का मारून द्या ना, घरी दाखवायचाय. देतात. सेमिस्टर सुरू झाल्याझाल्या दे, परीक्षेच्या आठवड्यात नाही. हे मी परीक्षा कमिटीच्या बाजूने सांगतेय, वेगळी खोली काढायची, तिथे बसायला एक सुपरवायझर शोधायचा, जादा वेळात दुसरा पेपर सुरू होत असेल तर टाइमटेबल बघायचं, हे आदल्या दिवशी मनात असलं तरी जमत नाही. महिनाभर आधी कागद हातात असला की आरामात होतं. साधारणपणे एफवाय-एसवायच्या परीक्षा कॉलेजच घेतं, टीवायला युनिव्हर्सिटीची परीक्षा येते आणि मग कागद कलिन्याला युनिव्हर्सिटीत जातात, म्हणून यावर्षीच कॉलेजच्या फाइलला तुझं नाव लागलं तर पुढच्या वर्षी तुला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

परीक्षेत नक्की काय मागायचं ते मात्र मागायच्या आधी घरी करून बघ, यात मुलं फसतात. जादा वेळ सगळ्यांच्याच कामाचा असतो असं नाही. हात हळू चालतो पण चालत राहतो, अशा मुलाला पन्नास मिनिटांनी फरक पडतो. पण हात दीड तासाने बंदच पडत असेल तर त्यापुढे अडीच तास दिले तरी तू नुसती पेन धरून बसशील. मग अर्ध्या अर्ध्या तासाने पाच मिनिटं हात सोडायची मुभा हवी, किंवा लॅपटॉपवर टाइप करायची परवानगी, किंवा रायटर. एक जुना पेपर घे, घड्याळ लाव, पन्नास मिनिटं जास्त धरून मध्ये थांबत थांबत पूर्ण लिही. दुसऱ्या रविवारी तोच प्रकार बहिणीला किंवा मैत्रिणीला सांगून लिहून घेऊन कर. तुला पहिल्या दहा मिनिटांत कळेल की रायटरला सांगणं हे वेगळंच काम आहे, डोक्यात वाक्य पूर्ण करून मग बोलावं लागतं, मुद्दे क्रमाने लागतात, नावं आणि सनावळ्या स्पेलिंगसकट सांगाव्या लागतात, आपण लिहिता लिहिता विचार करतो ती सवय तिथे चालत नाही. हुशार मुलं रायटर घेऊन मार्क घालवून आलेली मी बघितलीत, फक्त प्रॅक्टिस नव्हती म्हणून. रायटर लागणार असं ठरलं तर चार-पाच पेपर तसे सोडव, आणि रायटर कोण चालतो त्याचं ताजं सर्क्युलर परीक्षा विभागातून घे, कारण ते नियम मधूनमधून बदलतात.

हजेरीचं थोडक्यात, पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम तुला लागू आहेच, पण आजारपणाची गैरहजेरी कागदासकट त्या त्या आठवड्यात कळवत जा, सेमिस्टरच्या शेवटी यादी लागल्यावर सर्टिफिकेटांचा गठ्ठा घेऊन गेलं की कोणालाच विश्वास बसत नाही. नोट्स, पीपीटी वगैरे शिक्षकांकडे सरळ मागून घे, त्याला अर्ज नको.

आता पप्पा. त्यांच्यावर चिडू नकोस. सात वर्षं ते तुला डॉक्टरकडे नेतायत, रात्री तू कण्हतेस ते त्यांना भिंतीपलीकडे ऐकू येत असणार, आणि लोक काय बोलतात ते त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. त्यांची भीती खोटी नाही. पण त्यांना दोन गोष्टी सांग. एक म्हणजे कॉलेजला अर्ज द्यायला सर्टिफिकेट हातात असण्याची वाट बघायची गरज नाही, डॉक्टरांच्या पत्रावर सुरुवात करता येते, लिफ्टचा प्रश्न तेवढ्यावर सुटायला हवा. परीक्षेच्या जादा वेळासाठी मात्र कॉलेज सरकारी हॉस्पिटलचा कागद मागेल आणि तो मागणं त्यांच्या बाजूने बरोबर आहे. दुसरं म्हणजे दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड हे एटीएम कार्डाएवढं असतं, चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरी पट्टी, त्यावर पिवळी, ऐंशीच्या वर निळी, आणि ते तुझ्या पाकिटात असतं. कुणाला दाखवायचं ते तू ठरवणार, ते काही सोसायटीच्या बोर्डावर लागत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, हॉस्पिटल निवडायचं, मग तपासणीची तारीख. मुंबईत सायन, केईएम, नायर, जेजे आहेत, आणि हाडं-सांध्यांसाठी हाजीअलीची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची केंद्र सरकारी संस्था आहे. तपासणारं मेडिकल बोर्ड ठराविक दिवशीच बसतं म्हणून आधी चौकशी करून जा, आईला सोबत ने, सगळे रिपोर्ट जुन्यापासून नव्यापर्यंत लावून झेरॉक्स काढून ठेव. आणि तिथेच विचार की चाळीस टक्क्यांच्या खाली आलं तर लिहायला त्रास असल्याचं वेगळं सर्टिफिकेट कुठल्या फॉर्ममध्ये मिळतं, २०२२ च्या गाइडलाइन्समध्ये त्याचा नमुना दिलेला होता.

आणि लग्नाचं, तू विचारलं नाहीस पण मी मोठ्या बहिणीच्या नात्याने बोलते. ज्या घरात तू जाशील तिथे तुझी सकाळची बोटं दिसणारच आहेत, कार्ड असो वा नसो. पप्पांना पण हे आतून माहीत असणार. त्यांना एकदा कॉलेजला घेऊन जा, काही बोलू नकोस, फक्त सकाळी सात वाजता त्यांच्यासोबत ते तीन मजले चढ. मला वाटतं अर्जाची झेरॉक्स काढायला तेच जातील.

कॉलेजने नाही म्हटलं तर? आधी बघ की तुमच्याकडे इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेल किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कोणी शिक्षक नेमलेले आहेत का, बऱ्याच कॉलेजांत असतात आणि मुलांना पत्ताच नसतो. त्यांना सोबत घे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र दे, "अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर निर्णय कळवावा". लेखी नकार द्यायला सहसा कोणी धजत नाही, इथेच निम्मी कामं होतात. नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, मूल्यांकन करते तेव्हा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काय सोयी आहेत हे कॉलेजला दाखवावं लागतं, रॅम्पचे आणि लिफ्टचे फोटो फाइलला लावतात, त्यामुळे प्राचार्यांना पण तुझ्या अर्जावर हो म्हटलेलं कामाचंच आहे, आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या मॅडमना जाऊन भेटलीस तरी चालेल. त्याही पुढे जायची वेळ आलीच तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं ऑफिस पुण्याला आहे, तिथे तक्रार करता येते. पण पहिल्याच दिवशी कायद्याची कलमं घेऊन जाऊ नकोस, नमुन्यात एकदा कायद्याचं नाव आलंय तेवढं पुरे.

ट्रेनमधल्या त्या काकांचं वाचून मला वाईट वाटलं. त्यांनाही कधीतरी कोणीतरी कार्ड मागितलं असेल. कार्ड आलं की रेल्वेच्या सवलतीची चौकशी वेगळी कर, तोपर्यंत लेडीज डब्यात कोणाला तरी "गुडघ्याचा त्रास आहे, बसायला द्याल का" असं विचारून बघ. सकाळच्या गाडीतल्या बायका जागा देतात, मी बघितलंय, फक्त विचारावं लागतं, तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं नाही.

कालनिर्णयवर आजपासून लिहायला लाग. अर्ज सोमवारी नको, सोमवारी ऑफिसला गर्दी असते, मंगळवारी अकराच्या सुमाराला जा. शिक्का मिळाला की आवक नंबर मला कळव. आणि लिफ्टचं परवानगीपत्र आलं की त्याची एक कॉपी लॅमिनेट करून आयकार्डच्या मागे लाव, आणि पहिल्या दिवशी नवीन लिफ्टवाल्यांना दाखवताना त्यांचं नाव विचार.